पोळी जोडून दे

लहान मूल असलेल्या घरात नियम फार असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्यांनी केलेले नसतात. आमच्याकडे संध्याकाळचं दूध निळ्याच पेल्यात लागतं. लिफ्टचं बटण धाकट्यानेच दाबायचं असतं. शेजारच्या काकांनी मदत म्हणून ते आधीच दाबलं, तर लिफ्ट वर जाते, रिकामी न होता खाली येते आणि मग त्याच्या बोटाने पुन्हा वर जाते. रात्री मी मध्ये, थोरली भिंतीकडे, धाकटा दाराकडे. भातावरचं तूप त्याच्या डोळ्यांदेखत पडलं पाहिजे. स्वयंपाकघरातून वाढून आणलेलं तूप चालत नाही, कारण ते पडताना त्याने पाहिलेलं नसतं. आंघोळीचा शेवटचा तांब्या त्याने स्वतः डोक्यावर ओतायचा. बाबाची चप्पल आईने घालायची नाही, अगदी गॅलरीत कपडे वाळत घालण्यापुरतीसुद्धा नाही.

थोरली सहाची व्हायला आली आहे. धाकट्याला तीन पूर्ण होऊन काही महिने झाले. आम्ही ठाण्याला राहतो, सासूबाई चिपळूणला. त्या येऊन-जाऊन असतात आणि आल्या की पहिल्या दिवशी हे सगळे नियम समजून घेतात, कारण मागच्या खेपेपासून त्यातले काही बदललेले असतात.

पाहुणे म्हणतात, ‘फार हट्टी आहे हो तुमचा मुलगा.’ मला ते पटत नाही. हट्टी माणसाला काहीतरी जास्तीचं हवं असतं. याला काल जे होतं तेच आज हवं असतं. मारिया माँटेसरींनी सहा महिन्यांच्या एका तान्हुलीची हकीकत लिहून ठेवली आहे. घरी आलेल्या बाईंनी आपली छत्री टेबलावर ठेवली आणि ही पोर बेचैन झाली. बाईंना वाटलं, हिला छत्री हवी असेल. त्यांनी ती पुढे केली, तर पोरीने ढकलून दिली आणि रडणं वाढलं. शेवटी आईने छत्री उचलून दुसऱ्या खोलीत नेली आणि मूल शांत झालं. छत्रीची जागा टेबल नव्हे, एवढंच तिचं म्हणणं होतं. ज्याला अजून बोलता येत नाही, वेळ कळत नाही, आपण कुठे आहोत हे सांगता येत नाही, त्याला वस्तूंच्या जागा तरी पाठ असतात. तेवढ्याच आधारावर ते मूल जगात उभं असतं, असं माँटेसरींचं निरीक्षण होतं. १९३९ साली त्या भारतात आल्या, मद्रासजवळ अड्यारला राहिल्या आणि इथल्या शिक्षकांना त्यांनी शिकवलं. जे सांगितलं ते मुलांसमोर तासन्‌तास बसून पाहिलेलं होतं, म्हणून आजही ते आपल्या घरात जसंच्या तसं दिसतं.

आमच्याकडे ती छत्री म्हणजे मिशी होती. नवऱ्याने एका रविवारी मिशी काढली. धाकटा सकाळी उठला, बाबाकडे पाहिलं आणि माझ्या मागे गेला. आवाज बाबाचा, शर्ट बाबाचा, वास बाबाचा, आणि तोंड दुसऱ्याचं. दुपारपर्यंत तो त्याच्याकडे गेला नाही. दुपारी नवरा गॅलरीत पाठमोरा बसून सायकलची चेन घालत होता, तेव्हा हा मागून गेला आणि त्याच्या पाठीला टेकून बसला. पाठ तीच होती. तिथून सुरुवात करून संध्याकाळपर्यंत त्याने पुढून बघायची तयारी केली. ती मिशी पुन्हा वाढवली गेली, हे सांगायला नकोच.

या सगळ्यात माझ्या सर्वांत जवळची गोष्ट पोळीची आहे. मराठी घरातल्या बहुतेक आयांना ती ठाऊक असेल. गरम पोळी, तूप लावलेली, निवावी म्हणून मी तिचे चार तुकडे केले आणि ताटलीत ठेवले. तो ताटलीकडे बघत राहिला. खालचा ओठ हळूहळू पुढे आला.

‘जोड.’

‘अरे, दुसरी देते ना. बघ, ही अख्खी आहे.’

‘ही जोड.’

दुसरी पोळी त्याच आकाराची होती, तितकीच गरम होती. पण त्याला कुठलीतरी अख्खी पोळी नको होती, त्याला मोडलेली पोळी न मोडलेली व्हायला हवी होती. तो रडला, आणि ते रडणं लाडाचं नव्हतं. काहीतरी भयंकर घडलं आहे आणि ज्यांच्या हातात ते दुरुस्त करणं आहे ते करत नाहीत, असं रडणं होतं ते.

त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काय चुकलं? त्याने काय काय पाहिलं आहे बघा. गाडीचं चाक निघालं, बाबाने स्क्रू ड्रायव्हरने बसवलं. पुस्तकाचं पान फाटलं, चिकटपट्टी लागली. शर्टाचं बटण तुटलं, आजीने शिवलं. चपलेचा अंगठा निघाला, नाक्यावरच्या चांभारकाकांनी टाका घातला आणि ती तिथल्या तिथे पायात आली. दिवे गेले, आले. पाणी गेलं, आलं. चंद्र अर्धा झाला होता, तोही हळूहळू पूर्ण झाला. त्याच्याजवळच्या सगळ्या पुराव्यांवरून मोडलेली वस्तू जोडता येते आणि ती जोडणारी माणसं घरातच असतात. पोळी या यादीत बसत नाही हे त्याला कोणी सांगितलं होतं?

तीन वर्षांच्या आसपास मुलं एक दुसरी यादी करायला लागतात, न जुळणाऱ्या गोष्टींची. त्यात पोळी येते. फोडलेलं अंडं येतं. फुटलेला फुगा येतो. त्याचं रबर मुठीत घट्ट धरून ‘फुगव’ म्हणून तो किती वेळ मागे फिरला. सांडलेलं दूध येतं. सलूनच्या उंच खुर्चीत बसून त्याने खाली पडलेले आपले केस पाहिले आणि त्या दादाला अगदी शांतपणे सांगितलं, ‘आता परत लाव.’ दादाने कात्री थांबवली, माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे वाकून म्हणाला, ‘ते आपोआप येतात, आतून. मी नाही लावत.’ इतकं नेमकं आणि इतकं खरं उत्तर फार थोडी मोठी माणसं देतात. धाकटा घरी येईपर्यंत डोक्यावर हात ठेवून बसला होता, यायला लागले का ते बघत.

पोळीचं मी त्याला खरंच सांगते. ‘नाही रे जोडता येत.’ आणि त्याच्याजवळ बसते. चारही तुकडे ताटलीत एकमेकांना टेकवून गोल करते. तो भेगांवरून बोट फिरवतो आणि भेगा आहेत हे त्याला कळतं. मोबाईल समोर धरून हे रडणं पटकन थांबवता येतं, मला माहीत आहे. पण त्या वेळी तो जे शिकत असतो ते माणसाला पुढे आयुष्यभर पुरणारं असतं. काही गोष्टी परत फिरत नाहीत. हे शिकताना जवळ कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच मला वाटतं.

थोरलीने मात्र यावर तिचा तोडगा काढला. ती म्हणाली, ‘अरे, पोळी पोटात गेली ना, की आत जुळते. म्हणून तर पोट गोल असतं.’ त्याने आपल्या पोटाकडे पाहिलं. पोट गोल होतं. त्याने चारही तुकडे खाल्ले.

दुधाचा किस्सा त्याच जातीचा आहे. निळा पेला उभा आणि अरुंद आहे, थोरलीची स्टीलची वाटी पसरट. तेवढंच दूध पेल्यात वरपर्यंत येतं आणि वाटीत तळाला राहतं. ज्याँ पियाजे या स्विस अभ्यासकाने नेमका हाच प्रकार मुलांपुढे ठेवला होता. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, दोन्हीत तितकंच आहे हे मुलाने मान्य केलेलं. मग त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? पाच वर्षांचं मूल बेधडक उंच भांडं दाखवतं. ओतताना पाहिलेलं असतं, एक थेंब वाढलेला नाही हे दिसलेलं असतं, तरीही. सहा-सात वर्षांच्या आसपास उत्तर बदलतं. पियाजेचं मोठेपण मला असं वाटतं की, त्याने मुलांची चुकीची उत्तरं चूक म्हणून बाजूला टाकली नाहीत. सुरुवातीच्या काळात पॅरिसमध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्यांचं काम करताना त्याच्या लक्षात आलं की, एका वयाची मुलं एकाच पद्धतीने चुकतात. म्हणजे त्या चुकण्यामागे काही विचार आहे. त्या विचाराच्या मागे तो जन्मभर लागला.

आमची थोरली सध्या बरोबर त्या उंबरठ्यावर आहे. परवा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘आई, दूध दोघांना सारखंच असतं. त्याच्या पेल्यात फक्त जास्त दिसतं.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘त्याला सांगू नकोस हं. त्याला वाटू दे जास्त आहे.’ ओतलेलं दूध तेवढंच राहतं हे समजणं आणि धाकट्या भावाला ते अजून समजायचं आहे हे समजणं, दोन्ही तिला एकाच आठवड्यात आलं. मी त्या दिवशी तिच्या वाटीत साय घातली.

काळाचा हिशेब याहून अवघड. धाकट्यासाठी जे झालं ते सगळं ‘काल’. गणपती काल आले होते, तो काल पोटात होता, आजी काल म्हातारी झाली. पुढचं मोजायला त्याने स्वतःचं माप काढलं आहे: झोपा. ‘किती झोपा झाल्या की आजी येणार?’ चार, असं सांगितलं तर तो दुपारी बिनतक्रार आडवा होतो आणि उठल्यावर म्हणतो, ‘आता तीन.’ दुपारची झोप धरायची नाही हे त्याला मान्य नाही, आणि त्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं. डोळे मिटले, उघडले. मधे जे गेलं ते रात्रीएवढंच गेलं.

आमच्या लग्नाचा अल्बम एकदा बाहेर निघाला आणि थोरली, तेव्हा ती धाकट्याएवढीच होती, प्रत्येक पान शोधत गेली. आजी आहे, मामा आहे, कोल्हापूरची आत्या आहे, पंगतीत कोणाचं तरी अनोळखी बाळसुद्धा आहे. शेवटचं पान मिटलं आणि तिने विचारलं, ‘मला का नाही नेलं?’ तू नव्हतीस, असं सांगितलं. ‘मग कुठे होते?’ कुठेच नव्हतीस, हे उत्तर तिने घेतलं नाही. घेणार तरी कसं? आपण नसलेलं जग तिने कधी पाहिलेलंच नाही. तिने बराच विचार केला आणि स्वतःच निकाल दिला: ती घरी झोपली होती, आणि आम्ही तिला न उठवता लग्न करून आलो. पुढे बरेच दिवस आम्ही दोघं बाहेर निघालो की ती विचारायची, ‘लग्नाला नाही ना चाललात?’ शेजारीपाजारी हसायचे. मला त्या प्रश्नात तिची खरी भीती ऐकू यायची.

हसण्यावरून सांगते. मुलांच्या बोलण्यावर घरात हसू येतं आणि यावं. पण तेच बोलणं पाहुण्यांसमोर पुन्हा करून दाखवायला लावणं मला सहन होत नाही. ‘म्हण ना, काल काय म्हणालास? म्हण म्हण, काका ऐकतायत.’ मूल गोंधळतं. ते जे बोललं होतं ते त्या क्षणी त्याला खरोखर पडलेल्या कोड्याबद्दल होतं, आणि आता सगळे त्याच्याकडे फोन रोखून बसलेले असतात. तसाच तो दुसरा लाडका प्रश्न, ‘तू कोणाचा, आईचा की बाबांचा?’ विचारणाऱ्यांना त्यात गंमत वाटते. मुलाला मात्र दोघांपैकी एकाला त्याच्यासमोरच नाकारावं लागतं. थोरली यावर ‘मी चौथ्या मजल्याची’ असं सांगते. तेवढं सुचायलाही तिला वेळ लागला.

सासूबाई आल्या की रात्री चिऊ-काऊची गोष्ट असते. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस आणि दाराबाहेर भिजणारा काऊ. ही गोष्ट आमच्याकडे दोन श्रोत्यांना एकदम सांगणं कठीण झालं आहे. थोरलीला चिऊची सगळी कामं क्रमाने हवीत. बाळाची आंघोळ, मग पावडर, मग तीट, मग झोपवणं. एकही गाळलेलं चालत नाही, गाळलं तर ती मागे नेते. धाकट्याला पहिल्याच थापेला दार उघडायला हवं असतं. काऊ भिजतोय, आणि ही तीट काय लावत बसली? तो उठून बसतो आणि छताकडे बघून ओरडतो, ‘दार उघड!’ सासूबाईंनी काही रात्री दोघांची ओढाताण ऐकली आणि मग आपल्या गोष्टीत एक खिडकी पाडली. आता त्यांच्या गोष्टीत पहिल्या थापेला चिऊ खिडकी उघडून काऊला टॉवेल देते, पागोळीखाली सरकून उभा राहा म्हणते, आणि मग आतली कामं क्रमाने करते. दोघंही झोपतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या गोष्टीत एवढी दुरुस्ती करायला धैर्य लागतं, आणि ते आज्यांकडे असतं.

याच गोष्टीवरून थोरलीने चिपळूणला एक प्रश्न विचारला. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमच्या घरात ते खिडकीच्या वर चढलं होतं. भिंती नंतर रंगवल्या, पण मागच्या पडवीत एका जागी पाण्याची रेघ सासऱ्यांनी मुद्दाम राहू दिली आहे. थोरली त्या रेघेपाशी उभी राहिली, हात वर केला, हात पोचला नाही. मग तिने विचारलं, ‘आजी, तुझं घर शेणाचं होतं की मेणाचं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘चिऱ्याचं गं बाई. म्हणून उभं राहिलं.’ ‘आणि तुम्ही कोणाच्या दारात गेलात?’ ‘वरच्या आळीत. शिंपीणकाकूंकडे.’ ‘त्यांनी लगेच उघडलं?’ ‘लगेच. त्या आधीच दारात उभ्या होत्या.’ थोरलीने मान हलवली. तिला गोष्टीतलं जे तपासायचं होतं ते तपासून झालं होतं. आम्ही मोठ्यांनी त्या पुराबद्दल इतकं बोललो, पण दार लगेच उघडलं का, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

धाकटा पडला की सासूबाई जमिनीवर थाप मारून म्हणतात, ‘मुंगी मेली, मुंगी मेली!’ त्यांच्या मुलांचं रडणं यावर थांबत असे. याचं थांबतं, पण नंतर तो शोधायला लागतो. कुठली मुंगी? कुठे आहे? मला दाखव. एकदा गुडघ्याला खरचटलेलं असताना तो ओणवा होऊन फरशीवर मुंगी शोधत राहिला, आणि योगायोगाने सापडली, जिवंत. मग आनंदाला पार नाही. ‘नाही मेली! आजी, नाही मेली!’ गुडघ्याचं रक्त तसंच होतं. तेव्हापासून सासूबाईंनी मुंगीला मारणं सोडून दिलं आहे. आता त्या म्हणतात, ‘उंदीर पळाला.’ त्याचाही शोध चालू आहे.

बोलण्याच्या बाबतीत तो सध्या फार शिस्तीचा आहे. बस म्हटल्यावर बसला, उठ म्हटल्यावर उठला, चढ म्हटल्यावर चढला. मग कर म्हटल्यावर करला, जा म्हटल्यावर जाला, घे म्हटल्यावर घेला. ‘मी सगळं करलं.’ ‘बाबा ऑफिसला जाला.’ ‘आजीने लाडू देला.’ आमच्या घरात असं कोणीच बोलत नाही, म्हणजे त्याने हे ऐकून उचललेलं नाही. त्याने नियम शोधून काढला आहे आणि तो सगळीकडे लावतो आहे. अमेरिकेत १९५८ साली जीन बर्को यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक मनानं बनवलेलं नाव दिलं आणि मग असे दोन प्राणी दाखवून मुलांकडून अनेकवचन काढून घेतलं. तो शब्द जगात कोणी उच्चारलेला नव्हता, तरी मुलांनी त्याचं अनेकवचन बिनचूक केलं. मुलं नुसती नक्कल करत नाहीत, हे त्यातून स्वच्छ दिसलं. आपल्या मराठीत ‘केलं’ आणि ‘गेला’ ही वाकडी रूपं आहेत, त्याचं ‘करलं’ सरळ आहे. नवरा त्याला चूक म्हणून टोकत नाही. ‘मी सगळं करलं’ म्हटलं की तो एवढंच म्हणतो, ‘अरे वा, सगळं केलंस?’ थोरलीचं ‘करलं’ असंच एक दिवस गेलं. कधी गेलं ते लिहून ठेवलं नाही आणि आता कितीही आठवलं तरी तिच्या आवाजात ते ऐकू येत नाही. याचं मात्र ऐकून घेते आहे.

खिसे हा स्वतंत्र विषय आहे. मशीनमध्ये कपडे टाकण्याआधी त्याच्या चड्डीचे खिसे उलटे करावे लागतात. चिंचोके, बाटलीचं झाकण, गुलमोहराच्या शेंगेचा तुकडा, गुळगुळीत खडा, बसचं तिकीट, एकदा अर्धा बटाटेवडा. यातलं काही टाकलं तर लक्षात येतं. खड्यांनी तो मोजतो, चिंचोक्यांची रांग लावतो, झाकणात पाणी भरून एका जागेवरून दुसरीकडे नेतो. दुकानातून आणलेला मोजणीचा रंगीत संच खोक्यात पडून आहे.

अशा वेळी मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची लाकडी साधनं महाग होती, वारली पाड्यांना ती कुठून परवडणार? ताराबाई आणि अनुताईंनी शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हीच साधनं केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात नेली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही नेली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. मुलाच्या खिशात जे सापडतं त्यातून त्याला शिकवता येतं, हे त्यांनी मानलं आणि करून दाखवलं. आपल्याकडच्या शिक्षणातली यापेक्षा मोठी गोष्ट मला पटकन सांगता येणार नाही. खिसे उलटे करताना निघालेलं आता मी एका बरणीत ठेवते. वडा सोडून.

संध्याकाळी आमच्या इमारतीखाली लपाछपी चालते. धाकटा त्यात कच्चं लिंबू. तो खेळतो, लपतो, सापडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ही सोय मुलांनी मुलांसाठी केलेली आहे. ती कुठल्या मोठ्याने शिकवलेली नाही, प्रत्येक टोळी आपल्यापेक्षा मोठ्या टोळीकडून शिकते. लहानाला बाहेर बसवायचं नाही आणि खेळही बिघडू द्यायचा नाही, दोन्ही एका वेळी. तो रोज त्याच खांबामागे लपतो, डोळे गच्च मिटून. आपल्याला कोणी दिसत नाही म्हणजे आपणही कोणाला दिसत नाही, हा त्याचा हिशेब. ‘कुठे आहेस रे?’ असं कोणी विचारलं की तो खांबामागून सांगतो, ‘इथे आहे!’ आणि राज्य असलेला मुलगा त्याच्यासमोरून इकडेतिकडे बघत निघून जातो. अकरा-बारा वर्षांची दांडगी मुलं हे रोज, न हसता करतात. गॅलरीतून मी ते पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात त्याने जाहीर केलं, ‘मी कच्चं लिंबू नाही.’ खाली सभा भरली. सगळ्यात मोठ्या मुलाने त्याला समोर उभं करून नीट समजावलं, ‘बघ हं, मग आउट झालास तर राज्य घ्यावं लागेल. रडायचं नाही.’ त्याने मान डोलावली. पहिल्याच डावात तो त्याच खांबामागे, डोळे मिटून उभा होता आणि या वेळी त्याला सोडलं नाही. तो आउट झाला. रडलाही, मोठ्याने. खेळ थांबला. मी खाली जायला चप्पल घातली, तेवढ्यात तो बाहीला नाक पुसून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मोजायला लागला. मुलं पळाली.

‘एक, दोन, तीन, पाच, सात, अकरा, वीस!’

‘ए, असं नाही चालत,’ गेटाच्या बाजूने मोठा मुलगा ओरडला. ‘पुन्हा मोज. नीट.’

धाकटा थांबला. भिंतीला टेकवलेला हात तसाच राहिला. तेवढ्यात स्कूटरच्या मागून थोरलीचा खणखणीत आवाज आला, ‘त्याचं वीस झालंय!’

तो गर्रकन वळला, स्कूटरकडे बोट केलं आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडला, ‘ताई आउट!’